शाई गळते आणि प्रिंटर मध्येच अडकतो: दुखणं एक की दोन?

चारशेबावीस:
मंडळी, घरी चार रंगांचा इंकटँक प्रिंटर आहे, तीन वर्षं वापरात. मागच्या महिन्यात ठाण्याहून नाशिकला बिऱ्हाड हलवलं, तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून आणला. टाक्या साधारण अर्ध्या होत्या. तेव्हापासून दोन त्रास सुरू आहेत. एक म्हणजे प्रिंटरखाली उजव्या अंगाला निळा डाग पडतो. पुसला तरी दुसऱ्या दिवशी रुपयाएवढा परत हजर. दुसरं, दोन-तीन पानं नीट निघतात आणि मग हेड (कागदावर शाई सोडणारा, इकडून तिकडे सरकणारा भाग) मध्येच थांबतं, खटकन आवाज येतो, दिवे लुकलुकतात. कागद अडकलेला नसतो. बंद-चालू केला की पुन्हा दोन पानं. ड्रायव्हर काढून नवा टाकला, फरक शून्य. पहाटे चांगलाच गारठा असतो, त्याने शाई गोठत असेल का? दुकानात न्यायच्या आधी घरी काय बघता येईल?

पेचकस:
थंडीचा संशय आधी काढून टाका. घरातल्या खोलीत शाई गोठण्याइतकी थंडी नाशिकला काय, निफाडलाही पडत नाही. बहुतेक घरगुती प्रिंटर १० ते ३५ अंशांत चालण्यासाठी बनवलेले असतात. त्याखाली शाई जरा दाट होते, पहिलं पान फिकट येईल इतकंच. खटकन थांबणं हे थंडीचं लक्षण नव्हे.

ड्रायव्हर बदलणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. बिघाड कुणीकडे आहे ते आधी ठरवा: यूएसबी वायर काढा, वायफाय बंद करा, काचेवर एक कागद ठेवा आणि प्रिंटरच्याच बटणाने लागोपाठ पाच झेरॉक्स काढा. तरीही अडकला तर कॉम्प्युटर निर्दोष आहे. मग दोष यंत्रात.

आता डाग. प्रिंटरखाली पांढरा टिश्यू किंवा जुन्या कॅलेंडरची पाठकोरी बाजू पसरा, रात्रभर ठेवा आणि डाग नेमका कुठे, कोणत्या रंगाचा पडला ते बघा. शुद्ध एकच रंग असेल तर टाकी, नळी किंवा हेडच्या वरचा सांधा. काळपट-तपकिरी, सगळे रंग मिसळलेला चिखल असेल तर वेस्ट पॅड, म्हणजे वाया जाणारी शाई शोषून घेणारा तळाचा स्पंज, भरून वाहतंय. त्याचा इलाज वेगळा आहे. तुमचा निळा आहे म्हणताय, म्हणजे पहिला प्रकार.

ठाणे ते नाशिक हा प्रवास यात महत्त्वाचा आहे. ठाणं समुद्रालगत, नाशिक जवळपास ६०० मीटर उंचीवर. कसारा घाट चढला की हवेचा दाब सुमारे ७ टक्क्यांनी उतरतो. बऱ्याच टाक्यांत हवा आत यायची वाट तळाजवळ असते आणि वरची हवा कोंडलेली असते. टाकीत ३५ मिली हवा असेल तर ती घाटमाथ्यावर अडीच मिलीने फुगते आणि तेवढी शाई बाहेर ढकलते. म्हणून अर्धी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त त्रास देते. त्यात वळणांवर प्रिंटर कलंडला की शाई हवेच्या वाटेत शिरते. काही मॉडेलना नेताना बंद करायचा एक खटका असतो, तो नळ्या चिमटून धरतो; तो बंद केला होता का बघा. आणि आता चालू स्थितीत आहे ना, हेही बघा!

साधी_गोष्ट:
वरच्यांनी रंगावरून ओळखायचं सांगितलं, ते बरोबर. पण मला दोन्ही तक्रारी एकाच जागी भेटतील असं वाटतंय.

हेड ज्या डब्यात बसवलेलं असतं, ती कॅरेज. तिच्या मागे डावीकडून उजवीकडे एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी ताणलेली असते, बोटाच्या पेरापेक्षाही अरुंद. लक्ष नसेल तर दिसतही नाही. तिच्यावर इंचाला दीडशे-दोनशेच्या घरात बारीक उभ्या रेघा असतात. कॅरेज धावताना त्यावरचा सेन्सर प्रकाशाने त्या रेघा मोजतो. आपण कुठे पोचलो हे प्रिंटरला फक्त त्यावरूनच कळतं. रेघांवर शाईचा ठिपका किंवा ग्रीस आलं की मोजणी चुकते, कॅरेज भिंतीवर आपटते किंवा मोटर थांबवली जाते. तुमचा खटकन आवाज हाच असावा.

पट्टी बघायला झाकण उघडा आणि मोबाईलचा टॉर्च मागून मारा. तिरप्या उजेडात ठिपका लगेच दिसतो. सापडला तर:

प्रिंटर बंद करून प्लग काढा. चष्म्याच्या फडक्यासारखं धागे न सुटणारं कापड डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलं करा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आणतो ते पाणी चालतं. मात्र बाटलीवरचं लेबल वाचा, त्याच दुकानात ॲसिडही मिळतं. कापडाच्या घडीत पट्टी दोन बोटांत हलकेच धरून एका दिशेने पुसा, मग कोरड्या कापडाने. स्पिरिट किंवा थिनर लावू नका, काही पट्ट्यांवरच्या रेघाच त्याने जातात. पट्टी ओढू नका. एका टोकाला हूक, दुसऱ्या टोकाला छोटी स्प्रिंग असते. निसटलीच तर परत लावताना ती सेन्सरच्या खाचेतूनच गेली पाहिजे. बाहेरून गेली तर पहिल्याच फेरीत कॅरेज डोकं आपटून घेईल. कॅरेज ज्या लोखंडी दांड्यावर सरकते त्याचं ग्रीस फडक्याला लागू देऊ नका, नाहीतर साफ करता करता आणखी घाण कराल.

स्पूलर_शत्रू:
झेरॉक्स पाचही नीट निघाल्या तर कॉम्प्युटरची बाजू. विंडोजमध्ये सर्व्हिसेस उघडून प्रिंट स्पूलर (छापायच्या फाइलींची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली उडवा (फोल्डर नव्हे), स्पूलर परत सुरू करा. एखादीच जड पीडीएफ अडकत असेल तर प्रिंटच्या खिडकीत ॲडव्हान्स्डमध्ये ‘इमेज म्हणून प्रिंट’ निवडा. वायफायवर अर्ध्यात थांबत असेल तर बहुतेक घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतात हे लक्षात घ्या, आणि राउटरमध्ये प्रिंटरला ठरावीक आयपी, म्हणजे न बदलणारा नेटवर्कचा पत्ता, देऊन टाका.

चारशेबावीस:
सगळ्यांचे आभार. झेरॉक्स काढून बघितल्या, तिसऱ्यालाच अडकला. म्हणजे कॉम्प्युटर सुटला. टिश्यूवर शुद्ध निळा डाग आहे, पण टाकीखाली नाही; मागच्या बाजूला, हेड जिथे जाऊन बसतं त्याच्या खाली. आणि पट्टीवर उजव्या टोकापासून चार बोटांवर तिळाएवढा निळा ठिपका सापडला! पुसला. लागोपाठ वीस पानं काढली, एकदाही थांबला नाही. खटका मात्र प्रवासात उघडाच राहिला होता.

साधी_गोष्ट:
छान, पण काम अर्धंच झालंय. टाकी बाहेरच्या अंगाला आहे, तिथली शाई पट्टीपर्यंत उडणं शक्य नाही. पट्टीवर निळा ठिपका आहे म्हणजे गळती कॅरेजवरच आहे: निळी नळी जिथे हेडच्या वरच्या डॅम्परला (नळीतून आलेली शाई हेडला देणारी छोटी डबी) जोडली जाते तो सांधा. कॅरेज झटक्याने दिशा बदलते तेव्हा तिथून थेंब उडतो. थांबली की तिथून ओघळून खाली जमतो. सांध्यात एक रबरी ओ-रिंग असते, ती सरकली किंवा कडक झाली की असं होतं. उपाय केला नाही तर आठवड्यात पट्टी पुन्हा माखेल.

कॅरेज मध्ये आणण्यासाठी एक झेरॉक्स सुरू करा आणि ती मधोमध आली की प्लग काढा. एवढ्यापुरतंच, एरवी भिंतीचं बटण दाबून प्रिंटर कधीच बंद करू नये. हेड टोपीवर बसत नाही आणि वाळतं. आता नळीच्या सांध्याला टिश्यूचं टोक लावा. निळं झालं तर जागा नक्की. सांध्यावरचं झाकण दाबून बसत असेल तर ते चारही बाजूंनी क्लिक होईपर्यंत दाबा. तरी ओलं आलं तर डॅम्पर बदलायला द्या. मॉडेल नंबर सांगितला की एम. जी. रोडच्या बाजूला सुटा भाग मिळू शकेल. सांधा उघडताना टाकीची पातळी हेडपेक्षा वर नको, नाहीतर शाई आपसूक धावत येईल.

पेचकस:
एक पुरवणी. सांधा बसवल्यावर निळ्या नळीत बुडबुडे दिसतील. लगेच क्लीनिंगचा (शाई ओढून हेड साफ करायची प्रिंटरमधली सोय) सपाटा लावू नका. सपाट जागी १२ तास ठेवा, नोझल चेक (हेडची छिद्रं मोकळी आहेत का दाखवणारं रेघांचं पान) काढा, रेघा तुटक आल्या तरच क्लीनिंग, तेही लागोपाठ तीनपेक्षा जास्त नाही. प्रत्येक क्लीनिंगची शाई वेस्ट पॅडमध्ये जाते. पॅड भरल्याचा इशारा आला तर काही जण फक्त काउंटर रीसेट करून देतात, पॅड तसाच ठेवतात; मग टेबलावर तो तपकिरी चिखल येतो. पॅड बदलून दाखवायला सांगा. टाक्यांची टोपणं घट्ट आहेत ना तेही बघा. आणि प्रिंटर पश्चिमेच्या खिडकीजवळ असेल तर तिथून हलवा. एप्रिलमध्ये ४० अंशांचं ऊन टाकीवर पडलं की आतली हवा फुगते आणि घाट न चढताही तेच होतं.