अनुभव धागा: कॉलेजच्या मुलांचं मानसिक आरोग्य, नेमकं काय करायचं?

‘मुलांशी मोकळेपणाने बोला’ आणि ‘ताण घेऊ नका’ एवढं सगळ्यांनाच पाठ आहे. इथे त्यापुढचं हवंय: कोणी, कधी, काय करायचं, गाडी कुठे अडते आणि का. कुणाची कहाणी नको, नावं तर नकोतच. रोजच्या कामातून हाती लागलेलं लिहा. मतभेद असतील तर तेही येऊ द्या.

कॉलेजमधील समुपदेशक

मुलं गळतात ती ‘समुपदेशकाकडे जाऊन ये’ हे वाक्य आणि समुपदेशकाचं दार यांच्या मधल्या वाटेवर. त्यामुळे पाठवायची पद्धत बदला. विद्यार्थी समोर असतानाच फोन लावा, वार आणि वेळ ठरवा, ती त्याच्या मोबाइलमध्ये टाकायला सांगा आणि शक्य असेल तर दारापर्यंत सोबत जा. नुसता नंबर हातात ठेवला तर तो खिशातच राहतो. उदास माणसाला अनोळखी नंबर फिरवणं हेच सगळ्यात जड काम असतं.

पहिली भेट साधारण ४५-५० मिनिटांची. त्यातली निम्मी फॉर्म भरण्यात गेली की दुसऱ्या भेटीला कोणी येत नाही. नाव, संपर्क आणि ‘आज इथे यावंसं का वाटलं’ एवढं पुरे, बाकीचं नंतर. गोपनीयतेची हद्द मात्र पहिल्या पाच मिनिटांतच सांगायची: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कायद्याने कळवणं भाग असेल, तरच गोष्ट खोलीबाहेर जाईल, आणि तीही शक्यतो तुला सांगून. हे आधी न सांगता नंतर घरी फोन गेला की ती बातमी कॉलेजभर होते आणि पुढचे कितीतरी जण येतच नाहीत.

आणखी एक: खोली प्राचार्यांच्या केबिनशेजारी नको. रोज एक-दोन वेळा तातडीच्या भेटींसाठी मोकळ्या ठेवा. परीक्षेच्या आधीचे दोन-तीन आठवडे वही भरून वाहते आणि खरोखर अडचणीत असलेला ‘पुढच्या महिन्यात या’ ऐकून परत जातो.

मानसोपचारतज्ज्ञ

हल्ली बरीच कॉलेजं पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली सरसकट भरून घेतात. चाचणी चांगली आहे, वापर चुकतो. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ५, १०, १५ आणि २० हे तीव्रतेचे टप्पे. १० किंवा जास्त आले तर प्रत्यक्ष तपासणी करायची. या आकड्यावरून निदान होत नाही. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे, तो बेरजेत बुडवू नका. एकूण ६ असले तरी तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर त्याच दिवशी बोलायचं. म्हणून हा फॉर्म शुक्रवारी रात्री ग्रुपवर टाकून सोमवारी उघडायचा नसतो. उत्तरं वाचायला माणूस बसलेला असेल तेव्हाच पाठवा.

औषधांबद्दल: एसएसआरआय गटातल्या (नैराश्य-चिंतेवर नेहमी दिल्या जाणाऱ्या) गोळ्यांचा त्रास (मळमळ, अस्वस्थता, झोप बिघडणं) पहिल्या एक-दोन आठवड्यांत होतो आणि फायदा जाणवायला दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणजे आधी नुकसान दिसतं, मग फायदा. हे न सांगितल्यामुळेच गोळ्या मध्येच सुटतात. दुसरी सुटण्याची वेळ सुट्टीची: घरी जाताना गोळ्या संपतात, किंवा घरच्यांना कळू नये म्हणून बॅगेतच राहतात. अचानक बंद केल्यावर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं आणि मुलांना वाटतं आजार उलटला. सुट्टीच्या आधी पुरेसा साठा लिहून घ्यायचा, बंद करायच्या तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू.

पंचविशीच्या आतल्या रुग्णांकडे सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना जास्त लक्ष हवं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आत्महत्येच्या विचारांबाबतचा २००४ चा इशारा २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंत वाढवला, तो याचसाठी. म्हणून गोळ्या नाकारायच्या नसतात, पहिली फेरतपासणी लवकर ठेवायची असते. आणि सुरू करण्यापूर्वी एक प्रश्न विचाराच: कधी दोन-दोन तास झोपूनही अंगात प्रचंड उत्साह, भन्नाट बेत, तोंडाचा पट्टा सुरू, असे सलग काही दिवस गेलेत का? बायपोलर (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य असा आजार) याच वयात डोकं वर काढतो आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीने बिघडू शकतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घेतलेलं बरं.

हॉस्टेलचे रेक्टर

झोपेवर कोणी लिहिलं नाही, म्हणून. मुलांना ‘लवकर झोपा’ सांगून काही होत नाही, झोप हुकमावर येत नाही. उठण्याची वेळ मात्र ठरवता येते. आठवडाभर, सुट्टीच्या दिवशीही, एकाच वेळी उठायचं आणि उठल्यावर अर्ध्या तासात उजेडात जायचं. झोपण्याची वेळ त्यामागून सरकत येते. कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही रक्तात असतो, त्यामुळे संध्याकाळी सहाची कॉफी रात्री बारालाही जागी असते. दुपारी डुलकी २०-३० मिनिटांची, तिनाच्या आत.

हॉस्टेलची खास अडचण म्हणजे पलंग हाच टेबल, हाच सोफा. अभ्यास आणि मोबाइल खुर्चीत, पलंगावर फक्त झोप. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून बसायचं, पेंग आली की परत.

खोलीवर लक्ष ठेवताना एका दिवसाच्या पसाऱ्यावरून काही ठरवू नका, बदल बघा. नीटनेटक्या मुलीची खोली तीन आठवडे आवरलेली नाही, गप्पिष्ट मुलगा जेवायला एकटाच येतो, आवडती वस्तू वाटून टाकली. रूममेटला पहारेकरी करू नका, तोही थकतो आणि त्याचीही परीक्षा असते.

विषयशिक्षक

गैरहजर विद्यार्थ्याला ‘कुठे आहेस? काय चाललंय?’ असा मेसेज गेला की तो अजून लपतो. हा चालतो: ‘गेल्या तीन तासिकांना तू दिसली नाहीस. रागावलेलो नाही. गुरुवारी ११ ते १२ केबिनमध्ये आहे, दहा मिनिटं ये. कारण सांगायलाच हवं असं नाही.’

साचलेल्या कामासाठी ‘जमेल तेव्हा दे’ ही सवलत घातक. मुदत नसलेलं काम रोज डोक्यावर बसतं. एक तारीख, लेखी, आणि त्याआधी एक छोटा टप्पा: ‘सोमवारी फक्त पहिला परिच्छेद दाखव.’ सगळे राहिलेले विषय एकदम उचलायचे नाहीत. नियम परवानगी देत असतील तर एखादा पुढच्या सत्राला ढकलावा. शिक्षकांना हे कमीपणाचं वाटतं, मला नाही.

परीक्षा हॉलमध्ये कुणाला पॅनिक अटॅक आला तर बाहेर व्हरांड्यात आणा. श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. तोंडाला कागदी पिशवी लावू नका. जोर साधारण दहा मिनिटांत चढतो आणि मग ओसरतो, हे त्याला सांगा. छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, दम्याचा इतिहास किंवा पहिलाच झटका असेल तर डॉक्टरांना बोलवा.

विद्यार्थी स्वयंसेवकांच्या प्रशिक्षक

वर नववा प्रश्न आलाय, तोच तोंडी कसा विचारायचा ते सांगते. ‘काही वेडंवाकडं तर मनात नाही ना?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’च येतं, कारण प्रश्नानेच ते मागितलेलं असतं. सरळ विचारा: ‘आत्महत्येचे विचार येतात का?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, बहुतेकांना सुटल्यासारखं होतं. ‘हो’ आलं तर पुढचे प्रश्न: काही ठरवलंय का, कधी, साधन हाताशी आहे का? ठरवलेलं असेल तर एकटं सोडायचं नाही आणि त्याच वेळी समुपदेशक, डॉक्टर किंवा आपत्कालीन सेवेपर्यंत सोबत जायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ हे वचन कधीच देऊ नका.

‘स्वतःला काही करणार नाही’ असं लिहून घेण्याचाही उपयोग होत नाही. त्यापेक्षा बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची सहा पायऱ्यांची सुरक्षा योजना त्याच्याच शब्दांत भरून घ्या: वादळ येण्याच्या खुणा, एकट्याने करता येईल असं काही, लक्ष दुसरीकडे नेणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, तज्ज्ञांचे नंबर, आणि धोक्याच्या वस्तू दूर करणं. सहावी पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. साठवलेल्या गोळ्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात देणं आजच करायचं, पुढच्या भेटीत नाही. योजनेचा फोटो मोबाइलमध्ये, कागद पाकिटात.

स्वयंसेवक जोडीने ठेवा आणि त्यांना हद्द लिहून द्या: ऐकायचं, विचारायचं, पोचवायचं. रात्री दोनला मेसेजवर उपचार करायचे नाहीत.

कॉलेजमधील समुपदेशक

@स्वयंसेवकांच्या प्रशिक्षक, सहाव्या पायरीबद्दल अगदी सहमत. राहिलेला एक मुद्दा: उपचारासाठी सुट्टी घेऊन परतणारा विद्यार्थी. पहिल्या दिवशी वर्गात ‘बरा आहेस ना?’चा गराडा पडतो आणि तो दुसऱ्या दिवशी येत नाही. परतण्याच्या आठवडाभर आधी एक बैठक घ्या: तो, एक शिक्षक, आम्ही. कोणाला काय सांगायचं ते त्याने ठरवायचं, एक ठरीव वाक्यही तयार करायचं (‘तब्येत बरी नव्हती, आता येतोय’). पहिले दोन आठवडे निम्मे तास, आणि तिसऱ्या आठवड्यातली भेट आधीच वहीत लिहून ठेवलेली. तोवर सगळ्यांचं लक्ष उडालेलं असतं, नेमकं तेव्हाच बघावं लागतं.