पुरात व्हिडिओ कॉलवर डॉक्टर? आधी टॉवर जिवंत ठेवा

पंचगंगाकाठ
काल एका महाशयांनी लिहिलं, 'ई-संजीवनी (व्हिडिओ कॉलवर डॉक्टर देणारी सरकारी सेवा) आणि आभा कार्ड (डिजिटल आरोग्य ओळखपत्र) असताना पुरात बोटीनं वैद्यकीय पथकं कशाला धाडायची?' डोकंच फिरलं. २०१९ च्या पुरात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फुटांपुढं गेलं, शिरोलीला महामार्ग तुंबला, शिरोळ तालुक्यातली गावं बेटं झाली. वीज उपकेंद्रात पाणी शिरलं की पुरवठा बंद. टॉवरची बॅटरी काही तास चालते, पुढं जनरेटर. त्याचं डिझेल व्हिडिओ कॉलवरून ओतणार काय?

औषधपेटी
२०१९ किती दिवस उगाळणार? एका कंपनीचा टॉवर गेला तर इंट्रा सर्कल रोमिंगनं दुसऱ्याच्या टॉवरवर फोन लागतो.

पंचगंगाकाठ
दुसऱ्याचा टॉवर जिवंत असेल तर! २०२१ च्या पुरात ई-संजीवनी होतीच की. महामार्ग तरी बंद पडलाच, आणि सलाईन फोनमधून लागत नाही.

तालुका_डेटा
दोघंही पाणी चढल्यावरचं बोलताय. खरं काम जूनमध्ये. डायलिसिसवाले, इन्सुलिनवाले, नववा महिना लागलेल्या बायका, यांची गाववार यादी करायची. डायलिसिस चुकलं की रक्तात पोटॅशियम चढतं, फुफ्फुसात पाणी साठतं. त्यामुळं हा पेशंट ३९ फुटांच्या इशारा पातळीलाच शहरात हलवायचा, ४३ ची धोका पातळी गाठेपर्यंत थांबायचं नाही. यादी नेट नसताना उघडली पाहिजे, म्हणून एक प्रत कागदावर आशाताईंकडं. नुसती सर्व्हरवर ठेवलेली यादी पुरात शून्य.

गवताळ
पुरात साप लई निघतात. फोटोवरून जात सांगणारं ॲप द्या, जीव वाचतील.

औषधपेटी
कशाला? आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच. फोटोच्या नादात साप हुडकत फिरलात तर दुसरा माणूस चावून घेईल.

गवताळ
बिनविषारी निघाला तर प्रतिविषाची कुपी वाचेल की.

औषधपेटी
कुपी फोटोवर ठरत नाही राव, लक्षणांवर ठरते. पापण्या जड झाल्या, गिळता येईना, हिरड्यांतून रक्त आलं, ही लक्षणं. शिवाय २ मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचा संशय. नळी प्लास्टिकची किंवा साबणानं धुतलेली असेल तर निकाल फसवा. गोठलं म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही, मण्यारीत रक्त गोठतंच. ॲपनं अर्धा तास खाल्ला तर श्वास बंद पडेल, तेव्हा हातानं दाबून श्वास देणारी अंबू बॅग कोण दाबणार? ॲप?

गवताळ
ओरडू नका. पण 'जवळच्या कुठल्या दवाखान्यात किती कुप्या शिल्लक' हे तरी फोनवर कळू दे.

औषधपेटी
हे मात्र कामाचं. कुपी संपली की लगेच आकडा बदलणारा माणूस असेल तरच. नाहीतर बोट चुकीच्या गावाला.

पंचगंगाकाठ
बरं बाबांनो, यादी आणि साठा, एवढं मान्य. पण त्यासाठी ॲप कशाला? एक्सेल बास.

तालुका_डेटा
एक्सेल वहीत लिहितात का भावा?