गणिताच्या एम.एस्सी.ला ‘नेटवर्क सायन्स’ घ्यावा का?

आलेखवेडा, रत्नागिरी

एम.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षाला यंदा ऐच्छिक विषयांत नेटवर्क सायन्स (बिंदू आणि दुव्यांच्या जाळ्यांचं शास्त्र) आलाय आणि वर्गात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, हा कॉम्प्युटरवाल्यांचा विषय, आपण नंबर थिअरी घेऊ, नेट-सेटला काहीतरी पदरात पडेल. माझं मत उलट आहे. घ्यावाच.

दाभोळ–धोपावे फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. नकाशावर ती एवढीशी रेघ. ती बंद असली की दापोलीकडच्या माणसाला गुहागरला जायला पार चिपळूणवरून वळसा. म्हणजे त्या एका एजमुळे (दुव्यामुळे) कितीतरी गावांमधलं अंतर घटतं आणि चिपळूणवरचा भारही. वॉट्स आणि स्ट्रोगाट्झ यांनी १९९८ मध्ये हेच दाखवलं: शेजाऱ्या-शेजाऱ्यांना जोडलेल्या जाळ्यात मोजके लांबचे दुवे टाकले की सगळं जगच जवळ येतं. खाडीकाठच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पण ते मोजायचं कसं, हे शिकावंच लागतं.

निवृत्त_मास्तर

ऑयलरने कोनिग्सबर्गच्या सात पुलांचा प्रश्न १७३६ मध्ये सोडवला तो सिद्धता देऊन. प्रत्येक पूल एकदाच ओलांडणारा फेरफटका अशक्य का, ते त्याने दाखवलं. तुमच्या विषयात पोरं पायथनची एक ओळ लिहितात, रंगीबेरंगी कोळिष्टक पडद्यावर येतं आणि त्याखाली ‘निष्कर्ष’ म्हणून चार वाक्यं. याला गणिताचे क्रेडिट द्यायचे?

आणि विषयाचा पाया बघा. बाराबाशी आणि आल्बर्ट यांनी १९९९ मध्ये सांगितलं की खऱ्या जगातली जाळी ‘स्केल-फ्री’ असतात: थोड्या नोडांकडे (बिंदूंकडे) बेसुमार दुवे, बाकीच्यांकडे जेमतेम. वीस वर्षं सगळे तेच घोकत राहिले. २०१९ मध्ये ब्रोइडो आणि क्लॉसेट यांनी जवळपास हजार जाळी कसोटीला लावली, तर सर्वांत भक्कम पुरावा मिळाला अवघ्या ४ टक्क्यांत. असल्या विषयासाठी नंबर थिअरी सोडायची?

बांद्याचो_झील

मास्तरांनू, तुमचा नि ह्येचा दोघांचा रवांदे. पोरांका नोकरी खंय गावतली ता आधी सांगा.

आलेखवेडा, रत्नागिरी

सर, ४ टक्के हा आकडा निघाला तोच मुळी विषयातल्या लोकांनी आपलंच गृहीतक तपासलं म्हणून. लॉग-लॉग कागदावर आकडे मांडून नजरेने सरळ रेघ ओढणं बंद झालं, नीट संख्याशास्त्र आलं. मला तर हा विषयाचा चांगुलपणा वाटतो.

सिद्धतेचं म्हणाल तर भरपूर आहेत. ‘आपल्या मित्रांना सरासरी आपल्यापेक्षा जास्त मित्र असतात’ हे फेल्डने १९९१ मध्ये मांडलं. ऐकायला गंमत वाटते, पण सिद्धता दोन ओळींची. मैत्रीच्या कुठल्याही एका टोकाशी सापडणाऱ्या माणसाची सरासरी मित्रसंख्या म्हणजे मूळ सरासरी अधिक व्हेरियन्स (आकड्यांच्या विखुरलेपणाचं माप) भागिले सरासरी. व्हेरियन्स ऋण नसतो, संपलं. एर्दोश–रेनी यांचा १९६० चा पेपर घ्या: यादृच्छिक जाळ्यात सरासरी डिग्री (एका नोडाचे दुवे) १ च्या खाली असेपर्यंत सगळे बारके तुकडे, १ ओलांडली की एकच अजस्र तुकडा तयार होतो. हे पायथन सिद्ध करत नाही, माणूस करतो. जाळ्यावरून मांडलेल्या लाप्लासियन मॅट्रिक्सची लहानापासून दुसरी आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्सचा एक खास आकडा) शून्य असेल तर आलेख, म्हणजे ते जाळं, तुटलेला, नसेल तर जोडलेला, हे गणितज्ञ फिडलरचं. एम.एस्सी.पर्यंत लिनियर अल्जिब्रा करूनही आयगेनव्हॅल्यू कशाला असतात हे मला पहिल्यांदा इथे दिसलं.

वाशिष्ठीकाठ

कोकण रेल्वे म्हणजे तर तयार उदाहरण. बहुतेक मार्ग एकेरी, एकामागे एक स्टेशनं. मधली कुठलीही एज काढा, दोन तुकडे. पावसाळ्यात दरड पडली की हेच होतं.

रेल्वेप्रेमी_कुडाळ

नाही होत, साहेब. मडगावहून लोंढा, मिरज, पुणे, पनवेल अशी दुसरी वाट आहे. म्हणजे रोहा ते मडगाव हा एका मोठ्या वर्तुळाचा भाग आहे. २०२४ च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी-चिखल आला तेव्हा काही गाड्या त्याच वाटेने वळवल्या होत्या. वर्तुळातली एक एज काढून तुकडे पडत नाहीत. अनेक वर्षं ऐकतोय ती कोल्हापूर–वैभववाडी लाइन झाली तर त्या वर्तुळात आणखी एक छेद, म्हणजे दोन ठिकाणी खंड पडला तरी काही जोड्या वाचतील.

निवृत्त_मास्तर

छान. म्हणजे खेडजवळ दरड पडली तर गणिताप्रमाणे रत्नागिरी मुंबईला जोडलेलीच. आता गणपतीला आलेल्या चाकरमान्याला सांगा, परत जाताना लोंढ्यावरून जा बाबा, आलेख कनेक्टेड आहे!

माझी तक्रार नेमकी हीच. आलेख कुठे संपवायचा ते तुम्ही ठरवता, उत्तर त्याप्रमाणे बदलतं आणि वर आव असा की गणिताने सांगितलं.

आलेखवेडा, रत्नागिरी

पण सीमा कुठे आखली हे लिहायला लावणारा दुसरा कुठला पेपर आहे आमच्या अभ्यासक्रमात? वाशिष्ठीकाठ यांनी रोहा–मडगाव एवढंच घेतलं, कुडाळकरांनी मिरज धरलं. दोन्ही प्रमेयं बरोबर, प्रश्न वेगळे. एजला किलोमीटरचं वजन दिलं की तुमचा चाकरमानीही हिशोबात येतो. नंबर थिअरीत असला वाद होत नाही, कारण तिथे कोणी दरडीखाली येत नाही.

बागायतदार_देवगड

तुमच्यापैकी कोणीतरी हापसाचं जाळं काढणारच, म्हणून आधीच सांगतो. कागदावर सोपं आहे: आम्ही सगळे टोकं, मधे वाशीचे दलाल. २०२० च्या टाळेबंदीत पेट्या थेट सोसायट्यांत गेल्या तेव्हा भरपूर लोकांनी ‘मधला नोड गेला’ म्हणून लेख पाडले. गेला कुठे? हंगामाआधी ज्याने दलालाकडून उचल घेतली तो माल दुसरीकडे कसा देणार? ती रेघ उचलीची आहे, आंब्याची नाही. आणि कोणी किती उचल घेतली हे तुमच्या प्रोजेक्टच्या फॉर्मवर आमच्या वाडीत कोणी लिहून देणार नाही.

बांद्याचो_झील

ह्या बराबर बोललास. नोकरीचा मात्र अजून कोण बोलूक नाय.

आलेखवेडा, रत्नागिरी

नोकरी: डेटाच्या कामाला प्रोग्रॅमिंग आणि लिनियर अल्जिब्रा दोन्ही लागतात, दोन्ही इथे होतात. हमी कोणत्याच ऐच्छिक विषयाची नाही, नंबर थिअरीची तर नाहीच.

बागायतदारांचा मुद्दा मान्य. जी एज लोक लपवतात तिच्यावर आकडेमोड करून काय हाती येणार? मी प्रोजेक्टला हापूस घेत नाही. एसटीच्या फेऱ्या घेतो, त्या डेपोत फळ्यावर उघड लिहिलेल्या असतात. पावसाळ्यात खाडीकडच्या कोणत्या वस्त्या सगळ्यांत आधी तुटतात ते काढायचं आहे.

निवृत्त_मास्तर

घ्या विषय. पण परीक्षेत सिद्धतेला किती गुण आहेत ते आधी विचारून या, नुसत्या चित्रांवर पास करत असतील तर माझं मत कायम.

आणि फळ्यावर लिहिलेली एसटी येते, हे गृहीतक पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहा.