मदत हवी आहे: बोअरच्या पाण्याने केस खालून तुटतायत

मी जुळे सोलापूरला राहते. केस कमरेपर्यंत वाढवायचेत, पण वर्षभर पाठीच्या मध्यावरच अडकलेत. मुळापासून गळत नाहीत. कंगव्यात दोन-दोन इंचांचे तुकडे येतात, टोकं फाटलेली. म्हणजे महिन्याला जो सेंटीमीटरभर वाढतो तो खालून जातो.

नळाला पाणी रोज नसतं, त्यामुळे डोकं बोअरच्या जड पाण्यानेच धुते. बादलीला पांढरा थर धरतो, तोच केसांवरही बसत असणार. आठवड्यातून दोनदा शिकेकाई, आदल्या रात्री खोबरेल, रुंद दातांचा कंगवा, झोपताना सैल वेणी, एवढं चालू आहे. ड्रायर, कलर कधीच नाही. हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासलं, ठीक आहे. स्मूदनिंग करायचं नाही.

शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घेतले तर फरक पडेल का? आणि इथल्या उन्हाधुळीत टोकांना रोज तेलाचा थेंब लावावा, की धुण्याच्या आदल्या रात्रीच?