मदत हवी आहे: कॉलनीच्या बागेत शेक्सपिअर करायचंय, फुकट आणि माईकशिवाय

पारिजातक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण शेवटपर्यंत वाचून सांगा.

आमच्या कॉलनीत (नाशिक, गंगापूर रोड परिसर) महापालिकेची एक मध्यम आकाराची बाग आहे. मधे हिरवळ, कडेनं चालायचा ट्रॅक, एका कोपऱ्यात घसरगुंडी-झोपाळे, दुसऱ्या कोपऱ्यात पंपाची खोली आणि तिच्या शेजारी मोठा वड. इथे शेक्सपिअरचं एक नाटक मराठीत करायचं आमच्या हौशी मंडळाच्या डोक्यात आहे. तिकीट नाही, पास नाही, पहिल्या रांगेत नगरसेवकांसाठी सोफा नाही. फिरायला आलेल्यानं थांबावं, जमलं तर बसावं, नाही तर पुढची फेरी मारावी. मंडळ म्हणजे गणपतीत एकांकिका करणारे आम्ही लोक: दोन निवृत्त बँकवाले, एक गणिताच्या बाई, कॉलेजची पोरं आणि हार्मोनियम वाजवणारे एक किराणा दुकानदार.

"मग सरळ नाट्यगृहात करा की" असं कृपया सांगू नका. नाट्यगृहात एरवी येणारेच येतात. भाजीची पिशवी हातात धरून ज्या बाई पाच मिनिटं उभ्या राहतील आणि मग खालीच बसतील, तो प्रेक्षक मला हवाय.

पहिला घोळ नाटकाचा. आमच्यातल्या ज्येष्ठ काकांना 'राजमुकुट'च (शिरवाडकरांनी मराठीत आणलेला 'मॅकबेथ') करायचंय. नाशिक, शिरवाडकर आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, असं सगळं जुळून येतं म्हणतात. मला 'मिडसमर नाइट्स ड्रीम' हवंय. पोरांचं मत 'कॉमेडी ऑफ एरर्स', कारण 'अंगूर' सगळ्यांनी पाहिलेलाच असतो.

दुसरा घोळ आवाजाचा, आणि खरी मदत इथे हवी आहे. बागेत वाचन करून बघितलं. तोंडासमोर बसलेल्याला छान ऐकू येतं. जरा मागे सरकलं की निम्मी वाक्यं हवेत. त्यात सूर्य कलला की वडावर साळुंक्या उतरतात आणि तो कलकलाट असा की प्रत्यक्ष बालगंधर्व आले तरी थांबले असते. कॉलर माईक भाड्यानं घेता येतील, पण दहा जणांना दहा माईक, त्यांचा मिक्सर, तो सांभाळणारा माणूस आणि शेवटी एकाची बॅटरी नेमकी स्वगतात जाणार. शिवाय ध्वनिक्षेपक आला की त्याची वेगळी परवानगी आली.

तिसरं, सकाळी बागेत फिरणाऱ्या मंडळींचा आक्षेप: हिरवळ तुडवली जाईल. तो खोटा नाही.

चौथं, परवानग्या आणि भाषांतराचे हक्क. यात मी अडाणी आहे.

---

विंगेतला

ताई, आधी नाटक. रस्त्यावरून येणारा माणूस चौथ्या प्रवेशाला येऊन उभा राहणार आहे. त्याला दोन मिनिटांत कळलं पाहिजे की कोण कोणाच्या मागे लागलंय. 'मॅकबेथ'मध्ये त्याला जे कळायचं असतं ते सगळं नायकाच्या डोक्यात चालू असतं. काकांना दुखवू नका, पण बागेसाठी विनोदीच घ्या.

'मिडसमर'ला माझं मत. त्यातली नाटक बसवणारी कामकरी टोळी आहे ना, बॉटम विणकर, क्विन्स सुतार, स्नाउट कल्हईवाला, स्टारव्हलिंग शिंपी, ती जशीच्या तशी मराठी होते. तुमचं गणपती मंडळच आहे ते. माणसं कमी पडली तर थिसिअस (अथेन्सचा राजा) आणि ओबेरॉन (पऱ्यांचा राजा) एकाच नटाला द्या, त्यांच्या राण्या हिपॉलिटा आणि टिटॅनिया एकीला. ही जोडी बऱ्याच रंगमंचांवर अशीच करतात, तुमच्यावर चिंधीपणाचा आरोप येणार नाही.

आता आवाज. मी पथनाट्यात बरीच वर्षं घसा फोडलाय म्हणून सांगतो. मोकळ्या हिरवळीच्या मधोमध उभं राहणं म्हणजे आवाजाचा कचरा. पंपाच्या खोलीची भिंत पाठीला घ्या. भिंत आवाज पुढे फेकते. प्रेक्षक अर्धगोलात, शेवटचा माणूस दहा-बारा मीटरच्या आत. त्यापुढे गर्दी झालीच तर दुसरा प्रयोग लावा, फुकटच तर आहे. वारा नटाकडून प्रेक्षकाकडे जायला हवा, तेव्हा प्रयोगाच्या वेळेला सलग काही दिवस अगरबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आपले नट वाक्य जोरात सुरू करतात आणि शेवटाला आवाज खाली सोडतात. मराठीत क्रियापद शेवटी असतं! "मी तुझ्यावर कधीही प्रेम" एवढं ऐकू आलं आणि पुढचं गेलं, तर केलं की नाही केलं हे प्रेक्षकाला कळणार कसं? तालमीत एका माणसाचं काम फक्त मागे उभं राहून "क्रियापद!" असं ओरडण्याचं ठेवा. घसा ताणण्यापेक्षा याचा फायदा जास्त होतो.

---

ढ मुलगी

साळुंक्यांवर एकच उपाय: त्यांच्या आधी संपवा. जानेवारीच्या मध्यात आपल्याकडे सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास. साडेचारला सुरू, पावणेसहाला नमस्कार. म्हणजे दिवे नकोत, जनरेटर नको, डास यायच्या आत घरी. शेक्सपिअरच्या काळात ग्लोबसारख्या उघड्या नाट्यगृहांत प्रयोग दुपारच्या उजेडातच व्हायचे. रात्र झालीय हे नटानं बोलून सांगायचं, हातात मशाल धरायची, झालं.

पण तास-सव्वातासात बसवायचं तर कात्री निर्दयपणे चालवावी लागेल.

आणि २७ फेब्रुवारी विसरा. बारावीची परीक्षा तेव्हा चालू असते. माईक नसला तरी "आमच्या पोराचा उद्या पेपर आहे" म्हणत कोणी गॅलरीतून ओरडलं की संपलं तुमचं नाटक.

अवांतर: प्रेक्षकांची तोंडं पश्चिमेला ठेवू नका. साडेचारनंतर उन्हानं डोळे दिपतात, अख्खं नाटक कपाळावर आडवा हात धरून बघावं लागतं. ऊन नटांच्या तोंडावर येऊ दे, तेच तुमचे दिवे.

---

काळा कोट

हक्कांचं सांगतो. हा सल्ला कट्ट्यावरचा समजा, वकीलपत्र नव्हे.

शेक्सपिअर स्वतः मोकळा आहे. भाषांतरकार वेगळा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढचं कॅलेंडर वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं हक्क राहतो. आगरकर १८९५ मध्ये गेले, देवल १९१६ मध्ये, म्हणजे 'विकारविलसित' (हॅम्लेट, १८८३) आणि 'झुंझारराव' (ऑथेल्लो, १८९०) कोणीही करावीत. शिरवाडकर १९९९ मध्ये गेले, तेव्हा 'राजमुकुट' २०५९ अखेरपर्यंत हक्कात. विंदांचं 'राजा लिअर', पाडगावकरांची भाषांतरं, सगळी हक्कात.

आता गंमत. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(ठ)प्रमाणे हौशी मंडळानं पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर केलेला प्रयोग हक्कभंग ठरत नाही. तुमचं प्रकरण या चौकटीत चपखल बसेल असं दिसतं. तरीही दोन गोष्टी. एक, गेटवर "यथाशक्ती" लिहिलेला डबा ठेवलात की "पैसे न देणारा प्रेक्षक" यावर वाद घालायला जागा होते. डबा नकोच. दुसरं, अडीच तासांचं भाषांतर कापून सव्वा तासाचं करणं हा वेगळा विषय आहे. तेव्हा कोणाचं भाषांतर घेणार असाल तर प्रकाशकामार्फत वारसांना पत्र लिहून लेखी संमती घ्या. फुकट प्रयोगाला सहसा कोणी नाही म्हणत नाही, आणि विचारणं हे रीतीला धरून आहे.

सर्वांत बरं म्हणजे मूळ इंग्रजीवरून स्वतः करा. मग मात्र संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (म्हणजे नाटकांचं सेन्सॉर) पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागेल. फुकट आहे, बागेत आहे म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. त्याला वेळ लागतो, जानेवारी गाठायची तर संहिता दिवाळीपूर्वी पक्की हवी. उद्यान विभागाची जागेची परवानगी आणि पोलीस ठाण्याला अर्ज हे वेगळं. अर्जात "ध्वनिक्षेपक वापरणार नाही" हे ठळक लिहा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे ध्वनिक्षेपकाला दिवसाही लेखी परवानगी लागते, निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. ते सगळं झंझट त्या एका ओळीनं टळतं. कोणा बिल्डरचा फ्लेक्सही लावू नका, जाहिरात आली की शुल्क आणि प्रश्न दोन्ही येतात.

---

हडसनकाठ

हिरवळीचा मुद्दा वाचून हसू आलं. अगदी हेच न्यूयॉर्कमध्ये घडलंय. जोसेफ पॅप या नाट्यनिर्मात्यानं १९५४ मध्ये शेक्सपिअरचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ट्रकवर रंगमंच बांधून वस्त्यावस्त्यांतल्या बागांत फुकट प्रयोग केले. १९५९ मध्ये उद्यानांचा कारभार बघणारा रॉबर्ट मोझेस आडवा आला: लोक बसून हिरवळ झिजते, तेव्हा तिकीट लावा आणि खर्च भरून द्या. पॅप हटून बसला, कोर्टात गेला, अपिलात जिंकला. १९६२ मध्ये सेंट्रल पार्कात डेलाकोर्ट नाट्यगृह उभं राहिलं. तिथे अजून तिकिटाला पैसे नाहीत, फक्त रांगेत बसायचा दम लागतो.

पण म्हणून तुम्ही कोर्टाची भाषा करू नका. :) मोझेस समोर असणं वेगळं आणि रोज सकाळी "कसं काय" विचारणारे आजोबा समोर असणं वेगळं. त्यांच्या गटाला बोलवा, दोघातिघांना जागा आखायला, गर्दी बसवायला घ्या. प्रयोगानंतर कचरा उचलताना ते सगळ्यांवर डाफरतील, तेच काम तुम्हाला हवंय.

माईकचं म्हणाल तर डेलाकोर्टला नटांच्या अंगावर माईक असतात, वरून हेलिकॉप्टर जातात म्हणून. पण मॅनहॅटनमध्येच लोअर ईस्ट साइडला पार्किंगच्या जागेत शेक्सपिअर करणारी मंडळी आहेत. बाजूला गाड्या, हॉर्न, आणि लोक घरून खुर्च्या घेऊन येतात. तिथे मी बघितलं, गाडी आली की नट थांबतो, गाडीकडे बघतो, प्रेक्षक हसतात, पुढे चालू. आवाजाशी भांडायचं नाही, त्याला पात्र करायचं.

---

कुडाळकर

कोणी दशावताराचं नावच घेईना, म्हणून लिहितोय. आमच्याकडे देवळासमोर उघड्यावर रात्रभर चालतं. आख्यान सुरू व्हायच्या आधी आडदशावतारात संकासुर येतो, लोकांना हसवतो, पोरांना घाबरवतो. तोवर लोक सरकून, खाकरून, पोरं मांडीवर घेऊन नीट बसलेले असतात. मग कथा.

तुमच्या 'मिडसमर'मध्ये पक आहे की, ओबेरॉनचा खोडकर चेला! त्याला वीस मिनिटं आधी ट्रॅकवर सोडा. चालणाऱ्यांच्या बरोबरीनं चालू दे, कोणाची टोपी पळवू दे, झोपाळ्यावरच्या पोरांना गोळा करू दे. मागून किराणावाले हार्मोनियम गळ्यात अडकवून. एक चक्कर पुरी झाली की तुमचा प्रेक्षक जमलेला असेल, एक हँडबिल न छापता.

---

पारिजातक

सगळ्यांचे खरंच आभार. रात्री मंडळाच्या बैठकीत धागा मोठ्यानं वाचून दाखवला.

'मिडसमर' नक्की. भाषांतर आम्हीच करतोय: प्रेमिकांचे प्रवेश गणिताच्या बाई, कामकऱ्यांचे पोरं. काका आधी गप्प होते, मग "बॉटम कोण करणार?" असं विचारलं. आवाज त्यांच्याइतका कोणाचाच नाही, त्यामुळे नाटकात बॉटमला जादूनं येतं ते गाढवाचं डोकं त्यांनाच. ते तोंड झाकणारं नको, नुसते कान असलेली टोपी हवी, नाही तर माईकशिवाय सगळं मुसळ केरात.

वेळ जानेवारीतला रविवार, साडेचार. अगरबत्तीचा प्रयोग केला. धूर पंपाच्या खोलीकडून झोपाळ्यांकडे जातो, म्हणजे भिंत बरोबर पाठीला येते आणि ऊनही नटांच्या तोंडावर. बागेतल्या माळीदादांशी बोलले तेव्हा त्यांनी न विचारता एक सांगितलं, जे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं: हिरवळीला संध्याकाळी पाणी देतात, तेव्हा आदल्या दिवशीपासून पाणी बंद ठेवायला हवं, ओल्या मातीवर माणसं बसली की गवत मुळासकट निघतं. कोरड्यावर बसलं तर दोन दिवसांत उभं राहतं म्हणाले. आजोबांच्या गटाला हेच त्यांच्याकडून ऐकवणार आहे.

अजून दोन गोष्टी अडल्यात. परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता कोणी अलीकडे पाठवली असेल तर किती दिवसांत प्रमाणपत्र आलं ते सांगा. आणि नाशिकमध्ये कोणाच्या मंडळाकडे जुन्या मोठ्या सतरंज्या असतील तर एका दिवसापुरत्या हव्या आहेत. न्यायला-आणायला टेम्पो आमचा.