पवई भरला म्हणजे पिण्याचं पाणी वाढलं?

एका पोस्टमध्ये म्हटलंय की पवई तलाव ओसंडून वाहू लागला, म्हणजे मुंबईच्या पिण्याच्या पाण्याची काळजी थोडी कमी झाली. तसं नाही हो. शहराला पाणी देणाऱ्या सात तलावांत विहार आणि तुळशी आहेत, पवई नाही. १८९१ च्या सुमारास तो बांधला पिण्याच्या पाण्यासाठीच, पण पाणी त्या लायकीचं राहिलं नाही. आता ते पिण्याव्यतिरिक्त इतर कामांना वापरतात. तो भरून वाहतो तेव्हा पाणी जातं मिठी नदीत, विहारच्या सांडव्याचंही तिकडेच. म्हणून धो धो पावसात ही बातमी आली की मला मिठीकाठच्या वस्त्यांची धास्ती वाटते.

तलावातली जलपर्णी काढायला हवी, हे त्या पोस्टमधलं म्हणणं मात्र अगदी पटलं. मी काठावरून एक रोप उचलून पाहिलं होतं: देठाचा फुगा दाबला की आत नुसता स्पंज, खाली काळ्या मुळांची झुपकेदार शेपटी. सांडपाणी येत राहिलं तर कितीही उपसा, ती परत पसरणारच. आणि काढताना काठ सरसकट खरवडू नका, हिवाळ्यात मगरी तिथेच ऊन खात पडलेल्या असतात.