आईचा आवाज जाड झालाय, टेस्टोस्टेरॉन २१०, सोनोग्राफी नॉर्मल. पुढे काय?

सांगलीची लेक:
आई ६४ वर्षांची. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. हनुवटीवर दोन-चार केस या वयात येतातच, पण गेल्या काही महिन्यांत कपाळावरचे केस मागे सरकले आणि आवाज बसल्यासारखा झाला. भजनी मंडळात काळी चारमध्ये गायची, आता काळी दोनलाही वरचा सा लागत नाही. फोनवर मामा विचारतो, "कोण बोलतंय?" टोटल टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) २१० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, डीएचईएएस (ॲड्रिनल ग्रंथीतलं पुरुषी हार्मोन) नॉर्मल. सोनोग्राफी बघून डॉक्टर म्हणाले, गाठ नाही, केसांसाठी लेसर करून घ्या. मला पटत नाहीये.

नलूमावशी:
केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? त्यानं काही लॅबमध्ये टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दिसतं.

निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ:
नलूताईंचा प्रश्न रास्त आहे. गोळ्या चालू असतील तर तीन-चार दिवस बंद ठेवून पुन्हा तपासा, जमल्यास मास स्पेक्ट्रोमेट्री या जास्त अचूक पद्धतीनं. पण बायोटिननं आवाज बदलत नाही! लेसर आत्ता अजिबात नको.

या वयात आकडा १५० च्या वर आणि बदल इतक्या झपाट्यानं, म्हणजे गाठ नाही हे सिद्ध होईपर्यंत गाठच धरायची. अंडाशयातली लायडिग पेशींची (टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींची) गाठ बहुधा इतकी लहान असते की सोनोग्राफीत सुटते. म्हणून ओटीपोटाचा एमआरआय करा. डीएचईएएस नॉर्मल असलं तरी ॲड्रिनलचा (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा) सीटीही हवा, तिथली एखादी गाठ नुसतं टेस्टोस्टेरॉनच बनवते. दुसरी शक्यता हायपरथेकोसिस, म्हणजे गाठ नसताना अंडाशयच जास्त टेस्टोस्टेरॉन बनवतात: दोन्ही अंडाशय वयाच्या मानानं मोठे, मानेवर काळपटपणा, साखर वाढलेली. ते मात्र वर्षानुवर्षं सावकाश वाढतं. कुशिंग (कॉर्टिसॉल हार्मोन जास्त होण्याचा आजार) आहे का हे बघायला रात्री अकराला डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅम देऊन सकाळी आठला कॉर्टिसॉल बघतात. १७-ओएचपीही (ॲड्रिनलच्या जन्मजात दोषासाठीची रक्ततपासणी) करून घ्या. घरात कुणी टेस्टोस्टेरॉनचं जेल लावतं का? ते कातडीवरून दुसऱ्याला लागतं. आणि हिमोग्लोबिन किती आहे?

सांगलीची लेक:
१६.४. सगळे म्हणाले, छान आहे. जेल कुणी लावत नाही. बायोटिन होतं, आज बंद केलं.

निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ:
१६.४ छान नाही हो, टेस्टोस्टेरॉन रक्त वाढवतं, तेही जुळतंय. एंडोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोनतज्ज्ञाला) याच आठवड्यात दाखवा. मूळ अंडाशयात निघालं तर या वयात दुर्बिणीतून दोन्ही अंडाशय काढतात, आणि गाठ होती की हायपरथेकोसिस हे बऱ्याचदा पॅथॉलॉजीच्या रिपोर्टातच कळतं. नंतर चेहऱ्यावरचे केस हळूहळू कमी होतात. आवाज पूर्ण परत येईलच असं नाही, म्हणून ही घाई.